गव्हाच्या प्रदेशात गव्हावाचून

चैत्र-वैशाखात झाशी शहरातील अनेक घरांत वर्षाचा गहू भरण्याची लगबग असते. मंडईतून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोती येतात, गच्चीवर गहू वाळवला जातो, चाळून-निवडून कडुनिंबाच्या पाल्यासह पत्र्याच्या कोठीत भरला जातो. बेतवा आणि पहूज या नद्यांच्या परिसरातील या शहरात गहू हे अनेक धान्यांपैकी एक धान्य नव्हे. जेवण म्हणजे पोळी, असाच तेथील व्यवहार आहे. 'जेवण झाले का' असे विचारावयाचे असले तरी 'रोटी खाल्ली का' असे विचारले जाते. अशा एखाद्या घरातील मुलीला तपासून डॉक्टर जेव्हा सांगतात की, हिला यापुढे आयुष्यभर गव्हाचा कणही देऊ नका, तेव्हा घरच्या माणसांना तो उपचार वाटतच नाही. ती शिक्षा वाटते.

या विकाराचे नाव सीलिअ‍ॅक. लोकांच्या बोलण्यात तो 'गव्हाची अ‍ॅलर्जी' म्हणून रूढ झाला आहे. परंतु हे नाव दिशाभूल करणारे आहे. अ‍ॅलर्जीमध्ये नको असलेला पदार्थ पोटात जाताच अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो, आणि चूक तत्काळ कळते. सीलिअ‍ॅक विकारात तसे बहुधा होत नाही. गहू, सातू म्हणजे जव, आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचा प्रथिनांचा समूह असतो. कणकेला जो चिवटपणा येतो, पोळी लाटताना फाटत नाही आणि फुगते, तो या ग्लुटेनचाच गुण. काही व्यक्तींच्या शरीरातील रोगप्रतिकारक यंत्रणा या प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढताना स्वतःच्याच लहान आतड्यावर आघात करते. निरोगी आतड्याच्या आतील बाजूस बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. अन्नातील सत्त्व रक्तात शोषून घेण्याचे काम त्यांचे. ग्लुटेनमुळे हे रसांकुर झिजतात, आखूड होतात, अखेर सपाट होतात. त्यानंतर ताटात काहीही वाढले तरी त्यातील लोह, चुना, जीवनसत्त्वे अंगी लागत नाहीत.

म्हणूनच या विकाराची खूण नेहमी पोटातच सापडते असे नाही. जुनाट अतिसार, फुगलेले पोट आणि काड्यांसारखे हातपाय हे चित्र लहान मुलांत दिसते. जुनी माणसे अशा दुखण्याला सरसकट संग्रहणी म्हणत. पण एखाद्या मुलीची उंची वर्गातील इतर मुलींच्या मानाने खुंटलेली असते, एवढेच. दुसऱ्या एखाद्या तरुणीचे रक्त लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही वाढत नाही. कोणाला तोंड वारंवार येते, कोणाची हाडे अकाली ठिसूळ होतात. बुंदेलखंडासारख्या प्रदेशात, जेथे रक्तक्षय आणि कुपोषण मुळातच पुष्कळ, तेथे अशा मुलीकडे पाहून 'नीट जेवत नाही' किंवा 'जंत असतील' असे म्हटले जाणे स्वाभाविक आहे. ती नीट जेवत असते. पोळीच जेवत असते.

रोगाचे निदान रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांच्या तपासणीने होते आणि बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून त्याची खात्री केली जाते. या ठिकाणी एक चूक पुष्कळ घरांत घडते. शेजाऱ्यांनी किंवा नातेवाइकांनी सुचवल्यावरून गहू आधी बंद केला जातो आणि तपासणी नंतर होते. तोवर प्रतिपिंडे उतरू लागलेली असतात, आतडे सावरू लागलेले असते आणि अहवाल निर्दोष येतो. मग घरचे निश्चिंत होऊन पुन्हा पोळी सुरू करतात आणि दुखणे पहिल्या जागी येते.

गव्हावर संशय येण्यास वैद्यकशास्त्राला फार काळ लागला. 1888 मध्ये लंडनच्या सॅम्युएल जी या डॉक्टरने मुलांमधील या विकाराचे स्पष्ट वर्णन केले आणि रोगी बरा व्हावयाचा असेल तर तो आहारानेच होईल, असे मत मांडले. मत अचूक होते. मात्र त्याच्या पथ्यात पातळ कापून खरपूस भाजलेल्या पावाला परवानगी होती! त्याच्याच लेखात एका मुलाची हकीकत आहे. त्या मुलाला रोज भरपूर डच शिंपले खाऊ घातले, आणि तो आश्चर्यकारक रीतीने सुधारला. शिंपल्यांचा हंगाम संपताच तो पुन्हा आजारी पडला. आणि पुढील हंगामात काही केल्या शिंपले तोंडात घेईना. पथ्याचे शास्त्र आणि पथ्य पाळणाऱ्याचे मन यांतील अंतर त्या एका उदाहरणात दिसते. 1924 मध्ये अमेरिकेत सिडनी हास याने केळ्यांचा आहार सुचवला. मुले सुधारली ती केळ्यांमुळे, असे पुढे अनेक वर्षे मानले गेले. वस्तुतः त्या आहारातून पाव वगळलेला होता. खरा उलगडा केला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला आणि ही रोगी मुले सुधारली, अशी कथा नेहमी सांगितली जाते. ती एवढ्यावरच सांगणे डिकेवर अन्याय करणारे ठरेल, कारण गव्हाविषयीचा त्याचा संशय युद्धापूर्वीचा होता. 1950 मध्ये उत्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्याने आपले निष्कर्ष पद्धतशीरपणे मांडले.

भारतात हा रोग दीर्घकाळ पाश्चात्त्यांचा समजला जात असे. आता ती समजूत उरलेली नाही. दिल्ली परिसरात केलेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे शंभरातील एका व्यक्तीला हा विकार आढळला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका मोठ्या पाहणीत उत्तर, ईशान्य व दक्षिण भारताची तुलना होती. उत्तरेत या विकाराची प्रतिपिंडे दर हजारी सुमारे 12 प्रौढांत, दक्षिणेत जेमतेम एका प्रौढात सापडली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या विकाराला अनुकूल असणारी आनुवंशिक घटकद्रव्ये तिन्ही भागांत जवळपास सारख्याच प्रमाणात होती. फरक होता तो ताटातील गव्हाचा. उत्तरेत माणशी रोजचा गहू साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, तर दक्षिणेत पंचवीस ग्रॅम. केवळ गहू खाल्ल्याने हा रोग होत नाही, हे खरे. परंतु ज्याच्या रक्तात त्याचे बीज आहे, त्याला गव्हाच्या प्रदेशात ते उगवण्याची संधी अधिक मिळते, असा याचा अर्थ लावता येईल.

झाशीतील मराठी कुटुंबांच्या दृष्टीने हा तपशील विचार करावयास लावणारा आहे. अठराव्या शतकात मराठी सत्तेबरोबर ही कुटुंबे या भागात आली. खुद्द नेवाळकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील कोट गावचे, म्हणजे भातखाऊ मुलखातले. पुढे रेल्वे आली. झाशी विभाग 2003 पर्यंत मुंबईत मुख्यालय असलेल्या मध्य रेल्वेत होता, आणि नोकरीच्या निमित्ताने आणखी मराठी घरे येथे स्थिरावली. देशावरून आलेल्यांनी ज्वारीची भाकरी मागे ठेवली, कोकणातून आलेल्यांनी भाताचे प्रमाण कमी केले. दोन-तीन पिढ्यांत सर्वच जण पोळीवर आले. आज निदानानंतर अशा घरातील आजीला जे करावे लागते, ते नवीन काही शिकणे नसून पणजीच्या हातचे विसरलेले आठवणे आहे.

मात्र स्वयंपाकघरात प्रत्यक्ष बदल करू लागल्यावर पहिला आठवडा गोंधळात जातो. पोळी बंद करणे सोपे, कारण ती डोळ्यांना दिसते. तिच्याबरोबर रवा, मैदा, शेवया, दलिया, कुरडया, ब्रेड आणि बिस्किटेही गेली, हेही लवकरच ध्यानात येते. कठीण आहे ते न दिसणाऱ्या गव्हाचे. किती गहू अपायकारक, याचा हिशेब पाहिला तर अडचण समजते. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असते. सीलिअ‍ॅक असलेल्या बहुतेक रोग्यांना दिवसाकाठी 10 मिलिग्रॅमपर्यंतचे ग्लुटेन सोसते असे मानले जाते. रोज 50 मिलिग्रॅम काही महिने पोटात गेल्यास आतड्याला इजा होऊ शकते. म्हणजे एका पोळीचा पन्नासावा भाग! परातीच्या कडेला चिकटलेले पीठ, लाकडी पोळपाटाच्या भेगांत बसलेली कणीक, पोळ्यांची चाळणी आणि कणकेच्या पुऱ्या तळून उरलेले तेल यांतून तेवढे सहज पोटात जाते. म्हणून मुलीसाठी वेगळे पोळपाट-लाटणे, वेगळी चाळणी आणि शक्य तर वेगळा तवा ठेवणे हा सोवळ्याचा अतिरेक नव्हे. जुन्या घरांतून सोवळ्याची शिस्त पाळलेल्या स्त्रियांना ही वेगळेपणाची कल्पना पटकन समजते, हा एक अनपेक्षित लाभ. त्यात दोष एवढाच की, मुलीला आपणच विटाळलेले आहोत असे वाटू लागते. वेगळे ठेवावयाचे आहे ते गव्हाला, तिला नव्हे, हे तिच्यासमोर स्पष्ट बोलून दाखवावे लागते.

याहून मोठी अडचण चक्कीवर असते. ज्वारी किंवा हरभऱ्याची डाळ घरात निवडून, धुऊन, वाळवून दिली तरी चक्कीवाला ती गव्हाच्या दळणानंतर त्याच पाळ्यांतून काढतो. पहिले दोन-तीन किलो पीठ गव्हानेच मिसळलेले असते. आधी आपलेच थोडे तांदूळ दळून ते पीठ गाईला घालावे आणि मग आपले दळण घ्यावे, असा उपाय काही घरे करतात. त्याने भेसळ कमी होते; संपत नाही. चक्कीच्या आत आणि हवेत सर्वत्र पिठाची धूळ असते. ज्यांना परवडते ते घरगुती विजेची चक्की घेतात आणि तिच्यात गहू कधीच घालत नाहीत. ज्यांना परवडत नाही त्यांनी पिठावर कमी आणि अख्ख्या धान्यावर अधिक विसंबावे हे उत्तम. भात, भगर, साबुदाणा, अख्खे मूग, पाण्यात भिजवून घरीच वाटलेल्या तांदूळ-उडदाचे आंबोळी-घावन यांना चक्कीची गरजच नाही.

हिंगाचा प्रश्न तर बहुतेक घरांच्या स्वप्नातही नसतो. बाजारात डबीतून मिळणारा हिंग शुद्ध नसतो. मूळ हिंग अतिउग्र असल्याने तो डिंक आणि पीठ यांत मिसळून विकतात, आणि हे पीठ बहुधा गव्हाचे असते. वरणाच्या फोडणीतील चिमूट, लोणचे, पापड, चिवडा, हिंगाष्टक चूर्ण यांतून तो रोज पोटात जातो. तांदळाच्या पिठात मिसळलेला हिंग मिळतो, पण त्यासाठी डबीवरील बारीक अक्षरे वाचावी लागतात. मराठी घरांतील मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी यांतही मूठभर गहू घालण्याची चाल आहे. आणि 'सातू' या शब्दाने तर भाषेचाच घोटाळा होतो. मराठीत सातू म्हणजे जव. झाशीच्या बाजारातील 'सत्तू' कधी नुसत्या हरभऱ्याचा, कधी हरभरा आणि जव यांचा मिश्र असतो. दुकानदाराला 'यात जव आहे का' असे नेमके विचारल्यावाचून तो घेऊ नये. बंद पाकिटांबाबत परिस्थिती थोडी बरी आहे. भारतीय नियमांनुसार दर किलोस 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसलेल्या अन्नावरच 'ग्लुटेनमुक्त' असे लिहिता येते. अशी पिठे आणि बिस्किटे महाग असतात, त्यांत तंतुमय अंश बहुधा कमी आणि साखर-स्निग्ध जास्त असते. त्यांच्यावर घर चालवणे मध्यमवर्गीय कुटुंबालाही जड जाते आणि त्याची गरजही नाही.

कारण या देशात गव्हाविना जेवणे हे अपूर्व नाही. उपवासाचे ताट पाहावे. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू, शिंगाड्याच्या पिठाचा शिरा: यांत ग्लुटेन नाही. झाशीत राजगिऱ्याला रामदाना म्हणतात, भगरीच्या जातीचे 'समा के चावल' किराणा दुकानात मिळतात, आणि नवरात्रात कुट्टूच्या पिठाच्या पुऱ्या घरोघर होतात. कुट्टू गव्हाच्या कुळातील नव्हे. मात्र त्याचे पीठ लवकर बिघडते, म्हणून शिळे घेऊ नये. बुंदेलखंडातील जुन्या तलावांत शिंगाडा पिकतो. कोदो, कुटकी, सावाँ ही बारीक धान्ये आणि ज्वारी या मातीत गव्हापूर्वीपासून आहेत. कालव्यांचे पाणी, सुधारित बियाणे आणि सरकारी खरेदी यांमुळे गहू वाढला आणि ही धान्ये मागे पडली.

तरीही कोदो किंवा ज्वारी ताटात आणण्यास घरातून विरोध होतो, आणि तो चवीचा नसतो. गहू ही येथे सुस्थितीची खूण आहे. जाडेभरडे धान्य म्हणजे दुष्काळ, म्हणजे मजुराचे जेवण. 'आमच्या मुलीने कोदो खायचे?' हा आजोबांचा प्रश्न ऐकून हसू नये. त्यांनी ते दिवस पाहिलेले असतात. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि शहरी दुकानांत या धान्यांना प्रतिष्ठा आली, भावही आला. त्या प्रतिष्ठेचा झाशीतील रोग्याला उपयोग होतो. वाढलेल्या भावाचा मात्र नाही. शिधापत्रिकेवरील कुटुंबाची स्थिती याहून अवघड आहे. तेथे धान्य मिळते ते गहू आणि तांदूळ. मुलीच्या वाट्याचा गहू घरातील इतरांनी खावा आणि तांदूळ तिच्यासाठी राखावा, हा सर्वांत सुलभ मार्ग. पण त्यासाठी घरातील सर्वांची संमती लागते आणि ती गृहीत धरता येत नाही.

उंबऱ्याबाहेर पाऊल पडले की पुन्हा नवे प्रश्न उभे राहतात. शाळेतील मध्यान्ह भोजनात काही दिवस पोळी, काही दिवस भात किंवा तहरी असते. मुख्याध्यापकांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून पोळीच्या दिवशी डबा पाठवता येतो. डब्यातील पांढऱ्या भाकरीकडे मैत्रिणी टक लावून पाहतात, काही दिवसांनी तीच मागून खातात. अडचण त्यांनी बदल्यात आपली पुरी देऊ केल्यावर होते. प्रसादाचे संकट त्याहून नाजूक. मराठी घरी सत्यनारायणाला रव्याचा शिरा, शेजारच्या घरी कणकेची पंजिरी. नाही म्हणावे तर देवाचा अनादर, घ्यावे तर आतड्याला इजा. पंचामृत, केळे, खोबरे यांनाही प्रसादाचाच मान आहे हे यजमानास आधी कळवून ठेवले तर प्रश्न सुटतो. गणपतीत उकडीचे मोदक निर्धोक, तळणीचे नाहीत. दिवाळीच्या फराळात करंजी, शंकरपाळे आणि रव्याचे लाडू वर्ज्य. अनारसे, घरी दळलेल्या बेसनाचे लाडू आणि हिंगाची खात्री असलेला पोह्यांचा चिवडा चालतो. मुलीचा फराळ आधी करावा, नव्या तेलात तळावा, मग इतरांचा. हा क्रम उलटला तर सगळेच व्यर्थ जाते. रेल्वेच्या प्रवासात केळी, भाजलेले शेंगदाणे, उकडलेली अंडी आणि घरचा दहीभात यांहून विश्वासार्ह काही नाही.

पथ्य नीट पाळले तर बहुधा काही आठवड्यांत भूक सुधारते, चेहऱ्यावर तेज येते. मुलांचे आतडे प्रौढांपेक्षा लवकर भरून येते; प्रौढांना दोन वर्षे किंवा अधिकही लागतात. प्रारंभी दूध न सोसण्याची शक्यता असते, कारण दुधातील साखर पचवणारे द्रव्य त्या झिजलेल्या रसांकुरांतूनच येते. आतडे सुधारले की बहुधा दूधही सोसू लागते. वाढीच्या वयातील मुलीच्या बाबतीत मात्र काळाला महत्त्व आहे. हाडांची वाढ थांबण्यापूर्वी पथ्य सुरू झाले तर राहिलेली उंची पुष्कळशी भरून निघते. नंतर सुरू झाले तर प्रकृती सुधारते, उंची मिळत नाही. 'परीक्षा होऊ दे, लग्नसराई जाऊ दे, मग पाहू' असे म्हणण्याइतका अवकाश तेराव्या वर्षी नसतो.

धोक्याचा काळ खरे तर पुढे येतो. मुलगी बरी दिसू लागते, वजन वाढते, आणि घरात कोणीतरी म्हणते की आता एखादी पोळी चालेल. ती खाते, काहीच होत नाही, आणि डॉक्टर उगाच घाबरवतात अशी खात्री पटते. आतड्यातील झीज आवाज न करता होते. पंधरा-सोळाव्या वर्षी मैत्रिणींबरोबर समोसा न खाणे ही एखाद्या प्रौढाने साखर सोडण्याइतकी सोपी गोष्ट नव्हे. रागावण्याने ती सोपी होत नाही, उलट चोरून खाणे वाढते. तिला स्वतःच्या प्रतिपिंडांचा अहवाल वाचावयास शिकवलेले घर या बाबतीत अधिक यशस्वी होते. आकडा उतरला की तो तिचाच विजय असतो.

लग्नाच्या बोलण्यात हा विकार लपवावा, असा सल्ला देणारे हितचिंतक प्रत्येक नात्यात सापडतात. त्याचा परिणाम त्यांनी बहुधा विचारात घेतलेला नसतो. लपवलेल्या विकाराची सून सासरी पहिल्या दिवसापासून पोळी खाते, महिन्यामागून महिने खाते. उपचार न झालेल्या सीलिअ‍ॅकमध्ये रक्तक्षय वाढतो, मूल राहण्यास अडचण येऊ शकते, गर्भपाताचा संभव वाढतो; आणि त्याचाही दोष तिच्यावरच येतो. पथ्यावर असलेली स्त्री मात्र सामान्यतः इतरांसारखेच आयुष्य जगते. हे सांगण्याचे धैर्य मुलीच्या आईवडिलांनी दाखवावयाचे असते.

निदानानंतर पहिल्या वर्षी काही महिन्यांच्या अंतराने व पुढे वर्षातून एकदा प्रतिपिंडांची, रक्ताची आणि लोह व जीवनसत्त्वांची तपासणी करून घेणे इष्ट. झाशीत 1968 पासून महाराणी लक्ष्मीबाई यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. याच खेपेस घरातील इतरांचाही विचार व्हावयास हवा. रोग्याच्या आईवडिलांत व सख्ख्या भावंडांत हा विकार असण्याचा संभव इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतो आणि त्यांच्यात कदाचित एकही लक्षण दिसत नसते. धाकट्या भावाचे रक्त तपासावयाचे असेल तर तो दिवस उजाडेपर्यंत त्याला रोजच्यासारखी पोळी वाढावी. बहिणीबरोबर त्याचाही गहू आधीच बंद केला, तर तपासणीतून काहीच कळणार नाही.